हेड उतरवलं तरी मिसिंग तसंच: गॅरेजचं निदान चुकलं तर काय करायचं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. साताऱ्याच्या एका ताईंची २०१६ची पेट्रोल गाडी आहे, १.२ लिटर, चार सिलिंडर, ९२ हजार किलोमीटर चाललेली. पावसाळ्यात सकाळी सुरू केली की थरथरायची, चेक इंजिनचा दिवा लुकलुकायचा, कूलंटही हळूहळू कमी व्हायचं. गॅरेजवाल्यांनी ऑइलचं झाकण उघडून आतली पांढरी साय दाखवली आणि सांगितलं, हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सीलबंद पट्टी) गेलंय, रिंगाही (पिस्टनवरची कडी) संपल्यात, हाफ इंजिन म्हणजे इंजिन अर्धं उघडून दुरुस्त करावं लागेल. ताईंनी आधी फक्त हेडच्या कामाला होकार दिला. बिल ३१ हजार झालं, पण गाडी घरी आणली तर मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याने इंजिन अडखळणं) तसंच. त्यावर उत्तर मिळालं, "आता रिंगा टाका, मग बसेल." सुदैवाने ताई दुसरीकडे गेल्या. तिथे एक इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) आणि रेडिएटर कॅप बदलली आणि गाडी सुरळीत झाली. पहिल्या गॅरेजचं म्हणणं, हेडचं काम तसंही करावंच लागणार होतं. पैसे परत मिळतील का आणि हे आधी कसं ओळखायचं, असे ताईंचे दोन प्रश्न आहेत.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मी इंजिनाची मशिनची कामं करतो. हेड फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह सीट, ही सगळी. त्याआधी बरीच वर्षं गॅरेजमध्ये हात काळे केले. आता माझ्याकडे इंजिन येतं ते सुटं होऊनच. त्यामुळे गॅरेजने ग्राहकाला काय सांगितलं आणि आत खरं काय होतं, या दोन्ही गोष्टी मला एकाच टेबलावर दिसतात. पट्टी लावून फीलर गेज (फट मोजायच्या बारीक पात्या) घातलं तर पातीही आत शिरत नाही, इतकी सपाट हेडं "गॅस्केट गेलंय" म्हणून माझ्याकडे येतात. अशा वेळी गॅरेजवाल्याला फोन करून सांगतो की हेड सरळ आहे. बहुतेकदा उत्तर येतं, "आता काढलंच आहे तर एक हात मारून द्या." ग्राहकाला यातलं काहीच कळत नाही.

ताई, तुमच्या बाबतीत पहिल्या मेकॅनिकची शंका वेडगळ नव्हती, हे आधी स्पष्ट सांगतो. मिसिंग, कूलंट कमी होणं आणि झाकणाखाली पांढरी साय, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की कुठल्याही अनुभवी माणसाच्या मनात हेड गॅस्केट येणारच. सिलिंडर आणि पाण्याची वाट यांच्यामध्ये गॅस्केट फुटलं की पाणी सिलिंडरमध्ये जातं, प्लग भिजतो, सकाळी गाडी मिसिंग मारते आणि कूलंट घटतं. साखळी जुळते, म्हणून शंका घेणं बरोबरच होतं. पण मनातली शंका तपासून न बघता त्यांनी पाना हातात घेतला, चूक तिथे झाली. तुमचा दावा याच एका मुद्द्यावर उभा राहील, म्हणून तो जरा खोलात जाऊन समजून घ्या.

त्या तिन्ही लक्षणांना दुसरीही कारणं होती. पांढऱ्या सायीचंच घ्या. पावसाळ्यात रोज दोन-चार किलोमीटरच गाडी चालते, इंजिन नीट तापत नाही, आत साचलेली वाफ झाकणाच्या थंड पत्र्यावर ऑइलमध्ये मिसळून साय धरते. महाबळेश्वर, पाचगणी, कोकण इथल्या गाड्यांत जुलै-ऑगस्टमध्ये ही साय अगदी नेहमी दिसते. खरी ओळख डिपस्टिकवर, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर होते. डिपस्टिकचं ऑइल स्वच्छ असेल आणि साय फक्त झाकणाला असेल, तर ती बहुधा साचलेल्या वाफेची. डिपस्टिकवरचं ऑइलही चहासारखं दुधाळ आणि पातळी वर चढलेली असेल, तर पाणी खरोखर ऑइलमध्ये गेलंय. तुम्हाला झाकण दाखवलं, डिपस्टिक दाखवली का?

आता कूलंट. रेडिएटर कॅप म्हणजे ठरावीक दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो दाब बारमध्ये. आतलं रबर कडक झालं, स्प्रिंग मऊ पडली की कमी दाबालाच कूलंट बाटलीत ढकललं जातं, बाटली भरली की बाहेर सांडतं. गरम इंजिनावर ते वाळूनही जातं, जमिनीवर डाग पडत नाही. मालकाला वाटतं, पाणी इंजिन पितंय. ही कॅप काही शे रुपयांत मिळते.

राहिलं मिसिंग. तुमच्या इंजिनात प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे. कॉइलच्या रबरी नळीला किंवा प्लास्टिकला बारीक तडा गेला की ओलसर हवेत ठिणगी प्लगच्या टोकाला न जाता बाजूच्या धातूत उडी मारते. म्हणून सकाळी आणि पावसात जास्त, इंजिन तापून ओलावा उडाला की कमी. गॅस्केटमधून रात्रभर पाणी झिरपलं तरी सकाळीच मिसिंग होतं, म्हणून दोन्हींचं वागणं सारखं दिसतं. इथे डोळ्यांनी फरक करता येत नाही, मोजावंच लागतं.

हे मोजणं अवघड नाही. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली दोषाची नोंद वाचणारं यंत्र) लावला की कोड येतो. पी ०३०० म्हणजे मिसिंग कुठल्याही सिलिंडरला फिरतंय. पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे ठरावीक सिलिंडरला, शेवटचा अंक सिलिंडरचा. समजा पी ०३०२ आला. मग दोन नंबरची कॉइल काढून तीन नंबरवर लावायची, तीनची दोनवर, कोड पुसायचा आणि गाडी चालवायची. आता कोड पी ०३०३ झाला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइल खराब. कोड पी ०३०२च राहिला, तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, आणि त्यानंतरच कंप्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन किती दाब तयार करतो त्याचा विचार. कॉइलच्या अदलाबदलीला एक पाना आणि पाऊण तास पुरतो. तुमच्या दुसऱ्या मेकॅनिकने बहुधा हेच केलं असणार.

एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. कोड हा पार्टचं नाव सांगत नाही, इंजिनाच्या कॉम्प्युटरला काय जाणवलं तेवढं सांगतो. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलतात आणि दोष निघतो सायलेन्सरच्या जोडावरच्या गळतीत. पी ०१७१ म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. कारण फाटका व्हॅक्यूम पाइप असू शकतं, कमजोर पेट्रोल पंप असू शकतो, घाण झालेला एअर फ्लो सेन्सरही असू शकतो. स्कॅनरवर दिसलं म्हणून पार्ट बदलला, असं कुणी म्हणालं, तर ते निदान झालेलं नाही.

हेड गॅस्केटची शंका आली तर हेडला हात लावण्याआधी करायच्या चाचण्या ठरलेल्या आहेत. पहिली, कूलिंगची प्रेशर टेस्ट. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून कॅपवर लिहिलेल्या आकड्याएवढा दाब भरायचा आणि काटा बघत बसायचं. काटा उतरला नाही तर पाणी कुठेही गळत नाही, मग कॅप तपासा. उतरला तर गळती शोधा: होज, वॉटर पंप, हीटरचा कोर, शेवटी गॅस्केट. दुसरी, रसायनाची. रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी धरून आतली हवा निळ्या द्रवातून ओढतात. सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात येत असेल तर द्रव निळ्याचा पिवळा होतो. कुणालाही डोळ्यांनी दिसतं, भाषा कळावी लागत नाही.

तिसरी आणि सगळ्यांत मोलाची, कंप्रेशन टेस्ट. इंजिन गरम, बॅटरी चांगली, सगळे प्लग काढलेले, पेट्रोल आणि ठिणगी बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा धक्के. चांगल्या लहान पेट्रोल इंजिनात साधारण १६० ते २०० पीएसआय (दाबाचं एकक) येतो. कंपनीप्रमाणे आकडा थोडा बदलेल, पण मुख्य म्हणजे चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ हवेत. १८०, १७८, १८२, १७६ असा कागद दिसला तर ते इंजिन उघडायचं कारणच नाही. १८०, १२०, ११८, १८२ दिसला तर शेजारच्या दोन सिलिंडरमधलं गॅस्केट जळलंय, हे उघडण्याआधीच कळलं. एकच सिलिंडर कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चांगला वर चढला तर रिंगा किंवा बोअर, कारण ऑइलने फट बुजवली. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. त्याहून खात्री हवी असेल तर सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजतात आणि कान लावतात: ऑइलच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनटेकचा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

"रिंगा संपल्यात" हे तुम्हाला कुठल्या आकड्यावरून सांगितलं? हेड उतरवलेलं असताना बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, उघडाच होता. बोअर गेज घालून झीज मोजता आली असती, होनिंगच्या (बोअर घासताना मुद्दाम पाडलेल्या) तिरक्या रेघा शिल्लक आहेत का ते साध्या डोळ्यांनी बघता आलं असतं. माझ्या अंदाजाने मोजलं कुणीच नाही. हेड करून गाडी बसली नाही, तेव्हा पहिल्या चुकीचं स्पष्टीकरण म्हणून रिंगा पुढे आल्या.

हे असं का होतं, यावर मला मनापासून बोलायचं आहे, कारण दोष एकट्या मेकॅनिकचा नाही. आपल्याकडे मोजायचे पैसे कुणी देत नाही. दोन तास घालून कंप्रेशन बघितलं, प्रेशर टेस्ट केली, सगळं ठीक निघालं आणि सातशे रुपये मागितले, तर ग्राहक म्हणतो, "नुसतं बघायचे पैसे?" तोच ग्राहक इंजिन उघडल्यावर तीस हजार मुकाट्याने देतो, कारण सुटे पार्ट डोळ्यांसमोर पडलेले असतात. मग मेकॅनिक मोजायला कशाला शिकेल? गेज कशाला विकत घेईल? त्याचं पोट उघडण्यावर चालतं. तपासणीचे पैसे आनंदाने आणि वेगळ्या बिलावर द्यायला लागलो, तर निम्मी इंजिनं उघडायची थांबतील, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं कारण माहितीचं. कंपनीचे मॅन्युअल, स्कॅनरची सॉफ्टवेअरं, खरे पार्ट बाहेरच्या गॅरेजला सहज मिळत नसत. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच कारणावरून १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५०० कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. पुढे अपिलं झाली, ते वेगळं. पण बाहेरच्या मिस्त्रीला तपासणीची साधनं नाकारणं चूक आहे, हे त्या निकालात स्पष्ट लिहिलंय. आज परिस्थिती बरी आहे, चांगले स्कॅनर बाजारात मिळतात. तरी ज्या गॅरेजमध्ये स्कॅनर, कंप्रेशन गेज आणि कूलिंगचा हातपंप नाही, त्यांनी इंजिनाचं निदान करू नये आणि आपण करून घेऊ नये.

चूक उलट्या दिशेनेही होते. २०१९ आणि २०२१च्या पुरानंतर पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या आमच्या भागात रांगेने आल्या. काहींना "इंजिन सीज झालंय" म्हणून पूर्ण इंजिनाचं एस्टिमेट दिलेलं, आणि प्लग काढून क्रँक हाताने फिरवला तर सिलिंडरमधलं पाणी पिचकारीसारखं बाहेर पडून इंजिन मोकळं झालं. याउलट काही गाड्यांना "पाणी काढलं, आता ठीक आहे" म्हणून सोडून दिलं. पाणी भरलेल्या सिलिंडरवर आधी कुणीतरी स्टार्टर मारलेला होता आणि कनेक्टिंग रॉड किंचित वाकलेला. अशा सिलिंडरचं कंप्रेशन इतरांपेक्षा कमी येतं, पिस्टन वरच्या टोकाला पूर्ण पोचत नाही. ते मोजलं नाही तर रॉड काही महिन्यांनी ब्लॉक फोडून बाहेर येतो. "काही झालेलं नाही" या निदानाचाही आकडा मागायचा असतो.

आता तुमच्या पैशांकडे येतो.

पुरावा आजच गोळा करा, कारण तो रोज नाहीसा होत असतो. जुनं हेड गॅस्केट त्यांच्याकडे असेल तर मागून घ्या. खरोखर फुटलेल्या गॅस्केटवर सिलिंडरच्या कड्यापासून पाण्याच्या भोकापर्यंत काळी जळकी वाट दिसते. ती नसेल तर गॅस्केट बहुधा शाबूत होतं. ते टाकून दिलं असेल तर कुठल्या मशिनवाल्याकडे हेड फेसिंग केलं ते विचारा. तो आमच्यासारखाच माणूस असतो, हेड किती वाकलेलं होतं आणि किती थाऊ (इंचाचा हजारावा भाग) घासून काढले हे त्याला माहीत असतं. लहान पेट्रोल इंजिनात साधारण ०.०५ मिलिमीटरपर्यंतचा बाक चालतो. मोजमाप न करताच फेसिंग केलं असेल तर तेही बोलकं आहे. दुसऱ्या मेकॅनिककडून खराब कॉइल आणि जुनी कॅप ताब्यात घ्या, तारीख घालून फोटो काढा. स्कॅनरच्या कोडचा फोटो असेल तर फारच उत्तम.

दुसऱ्या मेकॅनिककडून लेखी घेताना एक पथ्य पाळा. "पहिल्याने चुकीचं केलं" असं लिहून द्या म्हणू नका. एका गावात धंदा करणारा माणूस दुसऱ्याविरुद्ध लिहीत नाही आणि त्याच्यावर तो बोजा टाकणं बरोबरही नाही. त्याने फक्त स्वतः काय केलं ते बिलावर लिहावं: गाडी कोणत्या तक्रारीने आली, कोणता कोड होता, कॉइलची अदलाबदल केल्यावर काय झालं, कंप्रेशन किती आलं, काय बदललं, त्यानंतर किती किलोमीटर गाडी बिनतक्रार चालली. एवढं पुरतं. आणि आता चारही सिलिंडरचं कंप्रेशन मोजून घेतलं नसेल तर लगेच घ्या. ते चांगलं आणि समान आलं, तर "रिंगा संपल्यात" हे विधान कागदावरच पडतं. हेडबद्दल मात्र ते काही सांगत नाही, कारण हेड आता दुरुस्त आहे. तिथे जुनं गॅस्केट आणि फेसिंगवाल्याची माहितीच उपयोगी पडते.

मग गॅरेजच्या मालकाला भेटा. काम करणाऱ्या मिस्त्रीला नाही, मालकाला, आणि शनिवारच्या संध्याकाळच्या गर्दीत नाही, दुपारी निवांत. "तुम्ही फसवलं" या शब्दाने सुरुवात केलीत तर बोलणं तिथेच संपेल. एवढंच विचारा: "दादा, हेड उतरवण्याआधी प्रेशर टेस्ट आणि कंप्रेशन किती आलं होतं? तो कागद मला द्या." आकडा असेल तर त्यांची बाजू मजबूत आहे आणि तुम्हीही ती ऐकून घेतली पाहिजे. आकडा नसेल तर पुढचं बोलणं आपोआप तुमच्या बाजूला येतं.

मागणी वाजवी ठेवा. ३१ हजार पूर्ण परत मागायचा मोह होईल, पण नवे प्लग, ऑइल, फिल्टर, कूलंट तुमच्या गाडीत आहेत आणि त्यांचा उपयोग तुम्हाला होतोय. हेडची मजुरी, गॅस्केट सेट, फेसिंग, हेडचे बोल्ट, शिवाय गाडी पुन्हा दुरुस्त करायला लागलेला खर्च, एवढं मागा. हिशेब मांडून दिलेल्या मागणीवर तडजोड होते, हे मी अनेकदा पाहिलंय. रोख परत करणं जड जात असेल तर काही रक्कम आणि उरलेली दोन सर्व्हिसिंगमध्ये वळती करू, असा प्रस्ताव येईल. त्या गॅरेजवर विश्वास उरला नसेल तर सर्व्हिसिंगचा भाग स्वीकारू नका.

बोलून झालं नाही तर लेखी द्या, स्पीड पोस्टाने किंवा ईमेलवर. मजकूर साधा असावा:

"आपण माझ्या गाडीचे हेड गॅस्केट खराब असल्याचे सांगून दि. … रोजी हेडचे काम केले व रु. ३१,०००/- घेतले (बिल क्र. …). काम झाल्यावरही मूळ तक्रार तशीच राहिली. दि. … रोजी अन्य ठिकाणी इग्निशन कॉइल व रेडिएटर कॅप बदलल्यावर तक्रार पूर्ण दूर झाली (बिल सोबत). हेड उतरवण्यापूर्वी कोणत्या चाचण्या केल्या व त्यांचे आकडे काय आले, हे लेखी कळवावे. चाचण्या केल्या नसल्यास सोबतच्या हिशेबाप्रमाणे रु. … पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत परत करावेत."

यात शिवी नाही, धमकी नाही, आणि समोरच्याने उत्तर दिलं नाही तर ते न देणंही नोंदीत येतं. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये असं झालं असेल तर हेच पत्र वर्क्स मॅनेजरला द्या आणि प्रत कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवून तक्रार क्रमांक घ्या. तिथे जॉब कार्ड आणि स्कॅनचा अहवाल कॉम्प्युटरवर राहतो, तो मागायला संकोच करू नका.

पंधरा दिवसांत काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, समोरच्याशी बोलणी करते. छोट्या गॅरेजवर तिचा प्रभाव कमी-जास्त पडतो, मोठ्या कंपनीच्या डीलरवर चांगला पडतो. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संघटनाही अर्ज कसा लिहावा यात मदत करतात.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे, आणि सदोष सेवा ही त्यात सरळ तक्रारीची बाब आहे. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगाकडे जातात. दिलेला मोबदला ५ लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. वकील सक्तीचा नाही. गॅरेज दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि ऑनलाइनही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, ती बोलण्यांत घालवू नका. टॅक्सी किंवा मालवाहू गाडी असेल तर "व्यावसायिक वापर" हा आक्षेप येतो, पण स्वतः चालवून पोट भरणाऱ्याला कायद्याने ग्राहकच मानलंय.

आयोगापुढे निदान चुकलं एवढं सिद्ध करून पुरत नाही, असं माझं मत. प्रामाणिक माणसाचाही अंदाज चुकतो. जो कुणी काळजीपूर्वक काम करेल त्याने आधी केली असती ती साधी तपासणी इथे केली नाही, हे दाखवावं लागतं. त्यासाठी परवानाधारक मोटार सर्व्हेअरचा किंवा ऑटोमोबाइल इंजिनिअरचा पानभर अहवाल जोडा. आणि गॅरेजने बिलच दिलं नसेल, कच्च्या चिठ्ठीवर पैसे घेतले असतील, तर बिल न देणं ही या कायद्यात स्वतंत्र अनुचित व्यापारी प्रथा आहे. ऑनलाइन पैसे पाठवल्याची नोंद त्या वेळी कामाला येते.

ज्यांची गाडी अजून गॅरेजमध्येच अडकली आहे त्यांच्यासाठी एक महत्त्वाचं. बिलावर वाद झाला की लोक पैसे न देता गाडी ओढून आणायला जातात आणि हाणामारी होते. भारतीय करार कायदा १८७२, कलम १७० प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, वस्तूवर श्रम आणि कौशल्य खर्च करणाऱ्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते. म्हणून पैसे द्या, पण बिलाच्या दोन्ही प्रतींवर "निदान व रक्कम मान्य नाही, हरकत राखून रक्कम दिली" असं लिहून सही करा, गाडी बाहेर काढा आणि मग भांडा. त्यांनी लिहू दिलं नाही तर त्याच मिनिटाला तोच मजकूर त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवा.

पुढच्या वेळी गाडी टाकताना जॉब कार्डवर निदान लिहू नका, लक्षण लिहा. "क्लच गेलाय, बघा" म्हटलं की क्लच बदलला जातो. "चौथ्या गिअरमध्ये चढाला आवाज वाढतो, वेग वाढत नाही, गेल्या महिन्यापासून" असं लिहिलं की बघणारा विचार करतो. केव्हा होतं, थंड असताना की तापल्यावर, पावसात की कोरड्यात, एसी चालू असताना की बंद, हे सांगा. खाली लिहा: "तपासणीचा खर्च मान्य. फोनवर विचारल्याशिवाय इंजिन उघडू नये. काढलेले पार्ट परत द्यावेत." गॅरेजला देण्याआधी चेक इंजिनच्या कोडचा फोटो स्वतः काढून ठेवा, कारण बॅटरीची वायर काढली की अनेक गाड्यांत तो पुसला जातो. आणि दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवतच नेऊ नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि कॉइलच्या खर्चावर कन्व्हर्टरचा मोठा खर्च चढतो.

ताई, तुमच्या गाडीत आता उघडलेलं हेड पुन्हा बसलेलं आहे, तेव्हा पैशांचं काही होवो, तिच्याकडे लक्ष ठेवा. बिलात हेडचे बोल्ट नवे लावल्याची नोंद आहे का बघा. बऱ्याच इंजिनांत ते बोल्ट ताणून बसवायचे असतात आणि पुन्हा वापरायचे नसतात. पुढचे हजार किलोमीटर दर चार दिवसांनी, थंड इंजिनावर, बाटलीतली कूलंटची पातळी आणि डिपस्टिक तपासा. हेड आणि ब्लॉकच्या जोडावर ओल दिसते का बघा. सुरू करताना इंजिनातल्या टायमिंगच्या साखळीचा खडखडाट दोन सेकंदांहून जास्त टिकला तर टायमिंगच्या खुणा जुळवून घ्यायला सांगा. यातलं काही निघालं तर तेही तारखेसह लिहून ठेवा आणि वरच्या पत्राला जोडा, कारण ती दुरुस्तीसुद्धा त्याच कामाच्या खात्यात पडते.